ड्रायव्हरच्या बाजूचं चाक

उद्यमनगर, कोल्हापूर
१२ मार्च १९९६

अमऱ्या,

पाकिटावर 'श्री. अमरेश' लिहितो ते पोस्टमनसाठी. तिकडं कॉव्हेंट्रीच्या ब्रेक कारखान्यात तू टाय लावून फिरत असशील, पण बाळासो मिस्त्रींच्या गॅरेजात माझ्या शेजारी बसून रॉकेलमध्ये बेअरिंगं धुणारा तूच. हे मी विसरलेलो नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

माझं गॅरेज बरं चाललंय, पण माणूस टिकत नाही. जरा हात बसला की पुण्याला पळतो. त्यामुळं ब्रेकची हवा काढायची वेळ आली की मी घराकडं तोंड करून हाक मारतो आणि तुझी रुद्राणी वहिनी पदर खोचून येते. या कामाला दोघं लागतात, तुला काय सांगायचं. एकानं वर सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकाशी हवा सोडायचा निपल सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत गेले की आवळायचा आणि मग 'सोड' म्हणायचं. त्याच्या आधी वरच्यानं पाय उचलला तर काढलेली हवा परत आत जाते. लोकांचा पाय उचलतोच रे. हिचा नाही. परवा मी निपल आवळला, तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेलो आणि चहा पीत गप्पांत रमलो. परत येऊन बघतो तर ही तशीच पाय रोवून बसलेली आणि घरात वांगी करपलेली. मी डोक्याला हात लावला, तर शांतपणे म्हणाली, "तुमी सोड म्हटला न्हाईसा की."

आणि हीच बाई घाटाला घाबरते. हिची अक्का कणकवलीला दिलेली. एकदा करूळ घाट उतरताना एसटीचे ब्रेक तापून चाकातून धूर निघाला, तेव्हापासून ही बहिणीकडं गेलेली नाही. ब्रेक दुरुस्त करणाऱ्याची बायको ब्रेकला घाबरते म्हणून गल्ली हसते. मी भंगारातून एक जुनी फियाट उचललीय. तिच्या पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवणार आणि हिला त्याच घाटातून खाली नेणार, असं ठरवलंय.

तेवढ्यासाठी विचारतो. चाकाबरोबर फिरणारी ताटली चिमट्यात धरून गाडी थांबवायची, हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? आणि हे पॅड कधीकधी एवढे किंचाळतात का? तू शिकलेला आहेस, सांग.

तुझा
विऱ्या

कॉव्हेंट्री
२ जून १९९६

विऱ्या, लेका,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि करपलेल्या वांग्यांपाशी मोठ्यानं हसलो. शेजारच्या टेबलावरचा टेरी विचारायला लागला काय झालं म्हणून. त्याला इंग्रजीत सांगून बघितलं, पण वहिनींचं ते वाक्य काही इंग्रजीत बसेना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथून फार लांब नाही. बर्मिंगहॅममध्ये लँचेस्टर नावाचा इंजिनियर होता. त्यानं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. तेव्हा आपल्याकडं शाहू महाराजांचं राज्य होतं. पातळ धातूची ताटली आणि तिला दोन्हीकडून दाबणारे तांब्याचे पॅड. गाडी थांबायची, पण धातूवर धातू घासून असा आवाज व्हायचा की रस्त्यावरची माणसं कानांवर हात ठेवायची. शिवाय तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. काही वर्षांनी दुसऱ्या एकानं तांब्याऐवजी अ‍ॅस्बेस्टॉसचं लायनिंग वापरून बघितलं आणि ते किंचाळणं थांबलं. एवढ्या मोठ्या आवाजाचं औषध एक करडी भुकटी निघाली, मला याची गंमत वाटते. बाळासो मिस्त्री आपल्याकडून रिबिट मारून घ्यायचे, तेच हे लायनर.

पण लोक ड्रमवरच खूश राहिले आणि डिस्क चाळीसेक वर्षं अडगळीत पडली. पुढं विमानं थांबवायला ती लागली आणि मग १९५३ मध्ये फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत आमच्या गावची जॅग्वार डिस्क लावून उतरली. ड्रमवाले वळणाच्या खूप आधी ब्रेक दाबायचे. हिचा ड्रायव्हर मात्र बिनधास्त वळणापर्यंत जायचा, कारण उघड्यावर फिरणारी ताटली वाऱ्यानं थंड राहते. ती शर्यत जिंकली आणि जगाला पटलं. वहिनींना सांग, ड्रम घाटात तापतो तशी डिस्क तापून बसत नाही. त्यांची भीती बरोबरच होती, गल्ली चुकीची हसते.

फियाट लवकर उभी कर. रबरी सील लागले तर मी पाठवतो.

तुझा
अमरेश

कोल्हापूर
२० जानेवारी १९९८

अमऱ्या,

सील मिळाले. तुझं ते पत्र मी रुद्राणीला दोनदा वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, त्या शर्यतीतल्या ड्रायव्हरची बायको कुठं बसली होती. मी म्हटलं, घरी. तर म्हणाली, "मग तिचं काय जातंय?"

फियाटचं काम रखडत चाललंय. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून वेळ उरत नाही. यंदा कॉम्प्रेसर घेतला बघ. आपण तोंडानं फुंकून ड्रम साफ करायचो आणि एकमेकांना पिठाच्या गिरणीतली माणसं म्हणायचो, आठवतं? आता एअर मारली की क्षणात ड्रम लखलखीत. भुकटीचा ढग मात्र असा उठतो की समोरची भिंत दिसत नाही. रुद्राणी माझा शर्ट अंगणात झटकते आणि शिव्या घालत धुते.

थंडीमुळं खोकला धरलाय. जिना चढताना दम लागतो. वय झालं म्हणायचं आणि काय.

तुझा
विऱ्या

कॉव्हेंट्री
१४ सप्टेंबर १९९९

प्रिय वीरेश,

हे पत्र मस्करीचं नाही, म्हणून नावही पूर्ण लिहिलंय. नीट बसून वाच.

गेल्या महिन्यात इथल्या सरकारनं अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. आमच्याकडं जुन्या कामगारांच्या छातीचे फोटो काढले. तुला सांगितलेला तो टेरी वसंत ऋतूत गेला. तरुणपणी तो लायनर कापायच्या खात्यात होता. ती भुकटी छातीत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षं गप्प राहते, मग फुप्फुसाभोवतीच्या अस्तराचा कॅन्सर होतो. मागं मी तुला हीच भुकटी गंमत म्हणून लिहिली होती. मला माहीत नव्हतं रे.

आता ऐक. ड्रमवर एअर मारू नकोस. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं टाकून दे. वहिनींना त्या भुकटीपासून लांब ठेव. तुझे कपडे त्यांना झटकू देऊ नकोस. इथं काही बायका कारखान्यात कधी पाऊलही न टाकता नुसते नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडल्यात. आणि तुझ्या छातीचा फोटो काढ. तो खोकला गेल्या वर्षीच्या जानेवारीतला, आता सप्टेंबर आहे. दोन वर्षं होत आली, आणि तू त्याबद्दल परत एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

तुझा
अमरेश

कोल्हापूर
८ नोव्हेंबर १९९९

अमऱ्या,

एवढा घाबरू नकोस. तू सांगितलंस तसं सगळं केलंय.

रुद्राणीला लांब ठेवलंय. गॅरेज आणि घर यांच्यातलं दार खिळे मारून बंद केलं. ड्रमला एअर मारताना शटरही खाली ओढतो. एक कणसुद्धा घरात जात नाही, फटीला पोती लावलीत. कपडे माझे मीच धुतो. पेडलवर आता येणारे-जाणारे कुणीही बसतात आणि पाय उचलतात, मग शिव्या घालत परत पहिल्यापासून. तिला कारण सांगितलेलं नाही. एसटीला घाबरणारी बाई ती, हे ऐकून तिला झोप लागायची नाही. तूही लिहू नकोस, तुला माझी शपथ आहे.

ओलं फडकं काही जमत नाही, चिखल होतो. फोटो काढला, स्वच्छ आहे.

तुझा
विऱ्या

कॉव्हेंट्री
३ डिसेंबर १९९९

विऱ्या,

अरे शहाण्या, शटर ओढून आत तू एकटा त्या ढगात उभा राहतोस? मी तिला वाचव म्हटलं, तर तू सगळी भुकटी स्वतःकडं घेऊन बसलास. शटर उघड. कॉम्प्रेसर विकून टाक. वहिनींना खरं सांग, त्या तुझ्यापेक्षा धीराच्या आहेत.

आणि तो फोटो मला पाठव. स्वच्छ असेल तर पाठवायला काय हरकत आहे?

अमरेश

कोल्हापूर
९ जुलै २०००

अमरेश भावजींना रुद्राणीचा शरणार्थी, नमस्कार.

मी तुम्हाला आजवर कधी लिहिलं नाही. पेठ वडगावच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षर कळेल असं वाटतं.

तुम्ही ह्यांना काय लिहिता? तुमचं पत्र आलं की त्या दिवशी हे जेवत नाहीत. गेल्या दिवाळीपासून ह्यांनी मला तोडून टाकलंय. मधलं दार खिळे ठोकून बंद केलं. गॅरेजकडं गेले तर लांबूनच ओरडतात. अंगावरच्या शर्टाला हात लावू देत नाहीत, रात्री बाहेरच्या खोलीत झोपतात. माझ्या जागी पेडलवर चहावाल्याला बसवतात. आम्हाला मूल नाही. इतक्या वर्षांत त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, पण आता मनात आलं असेल, दुसरी कुणी असेल, असं मला वाटायला लागलं. मी तसं विचारलंसुद्धा. तर हसले आणि हसता हसता एवढा खोकला आला की भिंत धरून खाली बसले.

राजारामपुरीच्या डॉक्टरांनी छातीतून पाणी काढलं. मिरजेला नेऊन कसली तपासणी केली. मला सांगतात न्युमोनिया आहे. न्युमोनियाचा माणूस असा वाळत नाही भावजी, आईला न्युमोनिया झालेला मी बघितलाय.

मला टाकलं असेल तर तसं सांगा, मी अक्काकडं जाईन, घाट उतरून जाईन. आणि दुसरं काही असेल तर तेही सांगा. पण मला असं बंद दाराबाहेर ठेवू नका.

रुद्राणी

कॉव्हेंट्री
२५ जुलै २०००

वहिनी,

वीरेशनं मला शपथ घातली होती. ती मी मोडतो आहे.

त्यानं तुम्हाला टाकलेलं नाही. ब्रेकच्या लायनरची भुकटी विषारी असते, छातीत बसते आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर होतो. कपडे धुणाऱ्यालाही होऊ शकतो, हे मीच त्याला गेल्या सप्टेंबरात कळवलं. त्यानं त्यातलं तुमच्यापुरतं तेवढं ऐकलं. दार तुमच्यासाठी बंद केलंय. कपडे तुमच्यासाठी स्वतः धुतो. बाहेर झोपतो तेही त्याच भीतीनं, पण त्याची गरज नाही. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, हे त्याला सांगा. माझं तो ऐकत नाही.

त्याचा फोटो स्वच्छ आहे असं त्यानं मला लिहिलं होतं. तुमच्या पत्रावरून मला ते खरं वाटत नाही. खरं असतं तर मला फार बरं झालं असतं.

तुमच्याही छातीचा फोटो काढून घ्या. आणि त्याच्याजवळ बसा. मी नाताळात रजा मिळवून येतो.

अमरेश

कोल्हापूर
१० डिसेंबर २०००

अमरेश भावजी,

तार पोचली असेलच. नुसत्या तारेवर तुम्हाला ठेवावं असं मला वाटलं नाही, म्हणून घडलं ते सगळं लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी अंगणात गेले. हे दगडावर शर्ट घासत बसले होते. दोनदा घासलं की थांबून दम घ्यायचे. मी शर्ट हातातून ओढून घेतला आणि भावजींनी सगळं लिहिलंय म्हणून सांगितलं. ह्यांनी ओले हात लेंग्याला पुसले. मग म्हणाले, "तुला कायतर झालं असतं तर मी काय केलं असतं, सांग की." मी म्हटलं, "आणि मी काय करू?"  त्या दिवशी आम्ही दोघंही दगडापाशी बसून खूप रडलो. त्या रात्री मी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं.

दुसऱ्याच दिवशी मला राजारामपुरीला फोटो काढायला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ आहे. तर दवाखान्याच्या पायरीवर बसून हसायला लागले. स्वतःच्या फोटोबद्दल खोटं बोललेला माणूस, माझा फोटो मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला उजेडात धरून दाखवत होता. मला रागही आला आणि त्यांचा हातही सोडवेना.

मधल्या दाराचे खिळे ह्यांनीच काढले. गिऱ्हाइकांची कामं बंद केली. म्हणाले, आता फक्त फियाट. डिस्क बसल्या होत्या, नवे पॅड बिनभुकटीचे मिळतात ते मुंबईहून मागवले. चार चाकांची हवा काढायची तेवढी राहिली होती. मी म्हटलं, शेजारच्या गॅरेजातल्या गुंडू मिस्त्रीला खाली बसवू, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. ऐकले नाहीत. तुला घाट उतरायचाय, ब्रेक माझ्याच हातचा पाहिजे, म्हणाले.

दिवाळीनंतर महिन्याभरानं एका सकाळी बसलो. सगळ्यात लांबचं चाक आधी, मग जवळ जवळ यायचं, तुम्हाला माहीत आहे. मी सीटवर, हे खाली. ह्यांच्यात हाक मारायचा दम राहिला नव्हता, म्हणून पान्यानं ठोकायचं ठरलं. एक ठोका म्हणजे धर, दोन ठोके म्हणजे सोड. मागची दोन चाकं झाली. प्रत्येक चाकानंतर हे पाठ टेकून बसायचे आणि मी पाणी द्यायचे. पुढचं डावं झालं. मला वाटलं, उरलेलं उद्या करावं. पण ह्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला होता, मला थांबा म्हणवेना.

शेवटचं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं. म्हणजे मी बसले होते तिथून हातभर खाली. दार उघडंच होतं, मला ह्यांचा खांदा दिसत होता. एक ठोका आला. मी दाबून धरलं. पाय हळूहळू खाली गेला, म्हणजे ह्यांनी निपल सैल केला होता. मग पेडल तळाला थांबलं. मी दोन ठोक्यांची वाट बघत राहिले.

खांदा दिसत होता भावजी. दम घेताहेत असं वाटलं. मागंही दम घ्यायचे की. आणि पाय उचलला तर काढलेली हवा परत आत जाणार, ह्यांना परत पहिल्यापासून करावं लागणार. ह्यांच्यात तेवढं बळ नव्हतं, म्हणून मी पाय उचलला नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी मी समोर बघत धरून बसले. अखेर चहावाला आला, त्यानं खाली वाकून बघितलं आणि तो ओरडला, तेव्हा मला कळलं.

दवाखान्यात नेलं. शुद्ध आली नाही, दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच उतरला असता तरी काही उपयोग नव्हता. डॉक्टर ते मला समजावायला म्हणाले का खरं म्हणाले, मी विचारलं नाही.

आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात, तुम्हाला माहीत आहे. जन्मभर गाडीखाली आडवा झालेला माणूस, हातात इष्टलिंग देऊन ताठ बसवला. अक्का आली होती, त्याच घाटातून एसटीनं चढून. मी तिला एकदाही विचारलं नाही की ब्रेकचा वास आला का.

नंतर गुंडू मिस्त्रीनं फियाट तपासली. म्हणाला, वहिनी, निपल आवळलेला आहे. बाटलीतल्या तेलात एक बुडबुडा नाही. पेडल दगडासारखं कडक आहे, गाडी कुठल्याही घाटात घाला. म्हणजे ह्यांनी काम पूर्ण केलं होतं. आवळून मग पाना हातातून पडला.

तुम्ही नाताळात येणार म्हणाला होता, तर या. गाडी कणकवलीला न्यायची आहे, तुम्ही चालवा. मी शेजारी बसेन, मला आता घाटाची भीती वाटत नाही. कशाचीच वाटत नाही.

एवढंच की मी रोज सकाळी काम आवरलं की गॅरेजात जाते आणि त्या सीटवर बसून पेडल दाबून धरते. गल्लीतल्या बायका येतात, हाताला धरतात, म्हणतात, चला वहिनी, उठा आता, किती वेळ बसणार. मी त्यांना काय सांगू? दोन ठोके अजून आलेले नाहीत.

तुमची वहिनी
रुद्राणी